‘आता आलोच आहोत तर...’ : आडवाटेवरची दुचाकी, मित्र आणि जोखीम

मराठीत ‘जोखीम’ या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. एक सरळ धोक्याचा. दुसरा जुन्या व्यवहारातला : ‘जोखमीचे सामान’ म्हणजे मोलाचे सामान, जे कुणीतरी विश्वासाने आपल्या हाती दिले आहे आणि जे आपल्याला जपून पोचवायचे आहे. यांच्या जवळपास वावरणारे एक क्रियापद आहे, ‘जोखणे’ : तराजूत घालून वजन करणे, अंदाज घेणे. या शब्दांच्या कुळाचा निवाडा भाषाशास्त्रज्ञांवर सोपवू. पण डोंगरातल्या कच्च्या वाटांवर मोटरसायकली घेऊन जाणाऱ्या मित्रमंडळींचा विचार करायला बसले की धोका, ठेव आणि वजन हे तिन्ही अर्थ कामी येतात.

पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर या शहरांतून रविवारी पहाटे निघणारे असे गट आता नवलाईचे राहिलेले नाहीत. मावळ, मुळशी, भोर, राजगड, जुन्नर, अकोले या तालुक्यांतल्या गाडीवाटा, धरणांच्या काठचे मुरमाड रस्ते, ओढ्यांची पात्रे ही त्यांची मैदाने. डांबर सोडून दुचाकी चालवण्याच्या या छंदाला ‘ट्रेल रायडिंग’ हे इंग्रजी नाव रूढ झाले आहे. त्यातल्या धोक्यांबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा गाडी, वाट आणि हेल्मेट यांच्याबद्दल बोलतो. ते आवश्यकच आहे. या लेखाचे म्हणणे मात्र असे, की या छंदातला सर्वांत मोठा धोका आणि सर्वांत मोठे संरक्षण या दोन्ही जागी एकच गोष्ट उभी असते : सोबतचे मित्र. आणि त्यांपैकी नेमके काय आपल्या वाट्याला येईल, हे बऱ्याच अंशी निघण्याआधीच ठरते.

किटलीवाला आणि रविवारचा स्वार

कच्च्या वाटेवर मोटरसायकल चालवण्याची स्पर्धा जुनी आहे. १९१३ साली इंग्लंडमधल्या कार्लाइल इथे ‘इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल’ भरली. सलग सहा दिवस वाईट रस्त्यांवर गाडी टिकते का, हे पाहणे हा तिचा हेतू. म्हणजे या खेळाच्या मुळाशी वेगापेक्षा टिकाऊपणाची परीक्षा होती. पॅरिसहून निघून आफ्रिकेतल्या डाकारला पोचणाऱ्या रॅलीने १९७९च्या सुरुवातीला या प्रकाराला वाळवंट आणि दंतकथा दोन्ही मिळवून दिले. आपल्याकडे १९९९ मध्ये ‘रेड दे हिमालय’ सुरू झाली. पण सामान्य नोकरदाराच्या आवाक्यातली, उंच आणि लांब सस्पेन्शनची गाडी भारतात पुरती रुजली ती अलीकडे. २०११ची हिरो इम्पल्स काळाच्या थोडी आधीच आली. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २००. त्यानंतर रविवारचे गट वाढले.

सह्याद्रीतल्या त्याच वाटांवर दुचाकी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून फिरते आहे. राजदूतच्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या अडकवून वाडीवरून डेअरीपर्यंत रोज ये-जा करणारा गवळी हा खरे तर आपला पहिला ट्रेल रायडर. त्याच्या पायात चामड्याचे बूट नसतात, अंगात चिलखत नसते. तरी तो वर्षानुवर्षे ती वाट धडपणे ओलांडतो, याचे श्रेय आपण त्याच्या कौशल्याला देतो. कौशल्य असतेच. पण त्याच्या बाजूने आणखी दोन गोष्टी असतात. एक म्हणजे त्याची वाट रोजची असते, त्यामुळे कालचा दगड आज कुठे सरकला हे त्याला कळते. दुसरी म्हणजे तो एकटा असतो. ओढा चढला तर तो अलीकडच्या काठावर गाडी लावतो, पाणी उतरेपर्यंत तंबाखू मळतो, नाहीतर पुलाचा लांबचा रस्ता धरतो. ‘घाबरलास काय?’ असे विचारणारे तिथे कुणी नसते.

रविवारच्या स्वाराकडे चांगली गाडी आणि चांगले बूट असतात. पण वाट अनोळखी, आठवडाभराची बैठी नोकरी आणि आजूबाजूला चार-सहा जण. त्याच्या धोक्याचे गणित इथून वेगळे होते.

जमीन काय सांगते

डांबरावर शिकलेला हात कच्च्या वाटेवर फसतो, कारण टायर आणि जमीन यांच्यातला करारच बदललेला असतो. मुरमावर टायरखालचे खडे गोट्यांसारखे फिरतात. काळी माती पावसात टायरच्या नक्षीत भरून बसते आणि काही मीटरांत चाक गुळगुळीत होते. कोकणच्या बाजूचा जांभा कोरडा असताना छान पकड देतो. ओल्या बेसॉल्टवर शेवाळ असेल तर चालत्या माणसाचाही पाय टिकत नाही. आपण ‘चाकोरी’ हा शब्द लाक्षणिक अर्थानेच वापरतो, पण बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने पाडलेली खरी चाकोरी दुचाकीला फार लवकर पाडते. चाक तिच्यात अडकले की घाबरून तिरके बाहेर काढायला जावे आणि पडावे. उपाय नेमका उलटा आहे : नजर लांब ठेवावी, गती थोडी राखावी आणि चाक चाकोरीला नेऊ द्यावे.

वेगाचा हिशेबही लक्षात ठेवण्यासारखा आहे. ताशी २० किलोमीटरवरून ४० वर गेले की वेग दुप्पट होतो, पण धडकेची ऊर्जा चौपट. ताशी ४० वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर पुढे सरकते. वळणामागची गाय दिसून ब्रेकवर बोट जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो; म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ११ मीटर संपलेले असतात. त्यातून मोकळ्या खडीवर थांबायला डांबरापेक्षा बरेच जास्त अंतर लागते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले आणि डांबरावर ते जीव वाचवते. सुट्या खडीवर मात्र अडलेले चाक स्वतःपुढे खडीचा ढीग जमवते आणि त्याने गाडी थांबायला मदत होते. एबीएस चाक अडू देत नाही, म्हणून उतारावर गाडी थांबतच नाही असे वाटते. याच कारणाने काही गाड्यांत मागच्या चाकाचे एबीएस बंद करायची सोय असते. डांबर लागताच ते पुन्हा सुरू करणे हा त्या सोयीचाच अर्धा भाग.

चढावर गाडी मध्येच बंद पडली, तर नवखा स्वार पुढचा ब्रेक आवळतो. चढावर पुढच्या चाकावर वजनच नसते, त्यामुळे ते चाक अडूनही गाडी मागे घसरते. अशा वेळी क्लच सोडून गाडी गियरमध्ये ठेवावी. बंद इंजिनच मागचे चाक धरून ठेवते. तेही जमले नाही तर गाडी डोंगराच्या बाजूला आडवी पडू द्यावी. हिमालयनचे वजन दोनशे किलोंच्या घरात आहे. पडणारी गाडी सावरायला पाय पुढे करणे म्हणजे घोटा किंवा गुडघा तिच्याखाली देणे. वाकलेला लिव्हर बदलता येतो.

कच्च्या वाटेवरचे पडणे बहुधा कमी वेगातले असते आणि त्यामुळे मृत्यूपेक्षा मोडतोडीचे प्रसंग जास्त येतात : मनगट, कॉलरबोन, घोटा, बरगड्या. ही गोष्ट दिलासा देणारी वाटते. पण तिची दुसरी बाजू अशी, की डांबरी रस्त्यापासून आठ किलोमीटर आत मोडलेला घोटा आणि शहरातल्या चौकात मोडलेला घोटा ही एकच दुखापत नव्हे.

चिलखताचे पुण्य आणि त्याचा मोह

हेल्मेटच्या संशोधनाची सुरुवात एका प्रसिद्ध मृत्यूपासून झाली. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात आपल्या ब्रफ सुपीरियर मोटरसायकलवरून जात असताना सायकलवरच्या दोन मुलांना वाचवायला वळला आणि फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी तो वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यविशारद होता. या मृत्यूने तो अस्वस्थ झाला आणि १९४१ मध्ये त्याने मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापती आणि हेल्मेटचे महत्त्व यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज आपल्या मोटार वाहन कायद्यात जी सक्ती आहे, तिच्यामागच्या विचारात या निबंधाचाही वाटा आहे.

तेव्हापासून चिलखत पुष्कळ सुधारले. गुडघे-कोपरांचे कवच, पाठीचे कवच, घोटा धरून ठेवणारे उंच बूट. डाकार रॅलीत २०२१ पासून दुचाकीस्वारांना एअरबॅगचे जाकीट बंधनकारक झाले. त्याच वर्षी त्या रॅलीत सी. एस. संतोष जबर जखमी झाला आणि त्याला औषधांनी बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले. २०१५ मध्ये डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय तो हाच. तो त्यातून बरा झाला. त्या वाळवंटात त्याच्या मागे संयोजकांची वैद्यकीय पथके आणि हेलिकॉप्टर होती. वेल्ह्याच्या डोंगरात रविवारी पडलेल्या माणसाच्या मागे फक्त त्याचे मित्र असतात.

चिलखताबद्दल एक जुना वादही आहे. १९७५ मध्ये शिकागोचे अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी असे मांडले की मोटारी सुरक्षित केल्या की चालक तेवढे जास्त धाडस करतात आणि सुरक्षिततेचा बराच फायदा त्यात खर्च होतो. १९८२ मध्ये कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड वाइल्ड यांनी हाच विचार पुढे नेला : प्रत्येक माणसाच्या मनात जोखमीची एक ठरलेली पातळी असते आणि तो कळत-नकळत तिथेच परत येतो. या सिद्धान्तांना पुढे जोरदार विरोध झाला. हेल्मेट आणि सीटबेल्ट माणसे वाचवतात हे निर्विवाद आहे. तरी आडवाटेवरच्या स्वाराने स्वतःला विचारावा असा एक प्रश्न त्यांतून उरतो : हे कवच अंगात नसते, तर हा उतार मी उतरलो असतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर कवच संरक्षणाचे काम सोडून परवानगी देण्याचे काम करू लागले आहे.

सहा वाक्ये

आता मित्रांकडे वळू. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचा विद्यार्थी जेम्स स्टोनर याने प्रबंधासाठी एक प्रयोग केला. माणसांना आधी एकेकटे आणि मग गटात बसवून धोक्याचे निर्णय घ्यायला लावले. गटात चर्चा झाली की माणसे अधिक सावध होतील अशी सर्वसाधारण अपेक्षा. झाले उलटे; गटाने घेतलेले निर्णय जास्त धाडसी निघाले. पुढे १९६९ मध्ये सर्ज मोस्कोविसी आणि मारिसा झावालोनी यांनी फ्रान्समध्ये केलेल्या अभ्यासाने चित्र अधिक स्पष्ट केले : गट नेहमी धाडसाकडेच जातो असे नाही, तो मुळात ज्या बाजूला झुकलेला असतो त्या बाजूला आणखी झुकतो. आपल्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. धाडसाकडे कललेली पाच माणसे एकत्र आली की धाडस वाढते. सावधपणाकडे कललेली पाच माणसे एकत्र आली की सावधपणा वाढतो.

अमेरिकन व्यवस्थापनतज्ज्ञ जेरी हार्वी यांनी १९७४ मध्ये एक घरगुती गोष्ट लिहिली. टेक्ससमधल्या रणरणत्या दुपारी एक कुटुंब घरी निवांत बसलेले असते. कुणीतरी सुचवते, अ‍ॅबिलीनला जेवायला जाऊ. पन्नासेक मैल धुळीतून, उकाड्यातून सगळे जातात, वाईट जेवण जेवून परत येतात आणि मग हळूहळू उलगडते, की जायचे कुणालाच नव्हते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या इच्छेखातर निघाला होता. आडवाटेवरच्या अनेक चढांची हकिगत अशीच असते. वर पोचायची हौस असलेला एकही जण गटात नसतो, पण ‘नको’ म्हणायचा मान दुसऱ्याने घ्यावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

या विषयावरचे आपल्या उपयोगाचे संशोधन बर्फावरून आले आहे. इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेत हौशी लोकांच्या बाबतीत घडलेल्या हिमस्खलनाच्या ७१५ अपघातांचा अभ्यास करून २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. हिमस्खलनाचे शिक्षण घेतलेली माणसेही, धोक्याची चिन्हे समोर दिसत असताना, पुढे गेली होती. अज्ञानापेक्षा त्यांना नडली ती मनाची रोजची सोपी आडाखेबाजी, जी एरवी आयुष्यात चांगली चालते. असे सहा सापळे त्यांनी नोंदवले. आपल्या वाटांवर ते सहा मराठी वाक्यांच्या रूपात भेटतात.

‘नेहमीची वाट आहे रे.’ ओळखीचा सापळा. गेल्या दिवाळीत कोरडी असलेली वाट श्रावणात तीच राहत नाही.

‘नको म्हटलं तर बरं दिसणार नाही.’ आपल्याला गटात मानाने घ्यावे, ही इच्छा. नवीन आलेला माणूस या वाक्यापायी आपल्या कुवतीबाहेर जातो आणि ते त्याच्या तोंडून ऐकूही येत नाही.

‘आता आलोच आहोत तर...’ बांधिलकीचा सापळा. पहाटे चारला उठलो, शंभर किलोमीटर आलो, सुट्टी टाकली; एवढे घातल्यावर मागे कसे फिरायचे? सहांपैकी सर्वांत गोड आणि सर्वांत नडणारे वाक्य हेच, कारण त्यात कष्टाचा मान आहे. पण पुढच्या ओढ्याच्या पाण्याला आपण किती किलोमीटर आलो हे ठाऊक नसते.

‘तो आहे ना पुढे.’ जाणकारावरचा भरवसा. पुढच्याला ती जागा जमते याने मागच्याला ती जमेल असे सिद्ध होत नाही. आणि तो ‘जाणकार’ कित्येकदा फक्त वयाने किंवा गाडीने मोठा असतो.

‘पहिला पाऊस काय रोज येतो?’ दुर्मीळतेचा सापळा. ती वेळ, तो उजेड, ती धुके भरलेली धार पुन्हा मिळणार नाही ही घाई.

‘कॅमेरा चालू आहे.’ बघणाऱ्यांची उपस्थिती. कुणी पाहत असले की ज्याला जमते तो अधिक चांगले करतो आणि ज्याला अजून जमत नाही तो अधिक चुकतो, हे मानसशास्त्रात जुने निरीक्षण आहे. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याने हे प्रेक्षक आता कायमचे सोबत आणले आहेत.

ही सगळी वाक्ये प्रेमाने बोलली जातात, म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नाही.

नियम आधीच का ठरवायचे

ओढ्याच्या काठावर उभे राहून पाण्याचा अंदाज घेणारा माणूस तटस्थ नसतो. वरच्या सहांपैकी दोन-तीन वाक्ये त्याच्या कानात वाजत असतात. म्हणून अनुभवी गट काही निर्णय काठावर घेतच नाहीत. ते आदल्या रात्री, घरी बसून घेतात. नियम म्हणजे शांत डोक्याने घेतलेला निर्णय, जो नंतरच्या उतावळ्या डोक्याला बांधून ठेवतो. त्यांतले थोडे इथे कारणांसह देतो.

किमान तिघे. एक पडला तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि एक मदत आणायला जातो. दोघेच असले तर यांतले एक काम सुटते. सहाच्या वर संख्या गेली की दोन गट करावेत, कारण मोठ्या गटात जबाबदारी कुणा एकाची उरत नाही.

मागच्याला नजरेआड होऊ द्यायचे नाही. प्रत्येकाने आपल्या मागच्या एकाची काळजी घ्यायची आणि प्रत्येक फाट्यावर तो दिसेपर्यंत थांबायचे. हा नियम पाळला तर सर्वांत पुढचाही आपोआप थांबतो, आरडाओरडा न करता. शिवाय गटाची गती सर्वांत मंद माणसाच्या गतीवर येते, आणि ती तशीच असायला हवी. मंद माणसाला मात्र शेवटी ठेवू नये. धापा टाकत तो पोचतो तेव्हा बाकीचे विश्रांती घेऊन निघायच्या बेतात असतात. थकलेल्यालाच विश्रांती मिळत नाही.

एकाचा नकार सर्वांचा नकार. कुणीही ‘मी हे करत नाही’ म्हटले की कारण विचारायचे नाही, चेष्टा करायची नाही. एक तर सगळे दुसरी वाट धरतात किंवा त्याची गाडी दुसरा कुणी पार करून देतो. नकाराला स्पष्टीकरण द्यावे लागले की तो महाग होतो, आणि महाग झालेला नकार लोक वापरत नाहीत. या नियमाची खरी परीक्षा गटातल्या सर्वांत कुशल माणसाकडून होते. त्याने वर्षातून दोन-तीनदा स्वतः ‘आज नको’ म्हटले तर नवख्याला ते शब्द उच्चारायची मुभा मिळते. मोस्कोविसींच्या भाषेत, गट कुठे झुकणार हे तो ठरवतो.

परतीची वेळ घड्याळाने ठरवायची, ठिकाणाने नाही. ‘शिखरावर पोचलो की फिरू’ हा बेत धोक्याचा. ‘दोन वाजता जिथे असू तिथून फिरू’ हा शहाणा. हिवाळ्यात डोंगराच्या पूर्व उतारावर अंधार लवकर उतरतो. उन्हाळ्यात चिलखताच्या आत घामाने अंग निथळते आणि पाणी कमी पडले की हातपाय थकायच्या आधी विचार थकतो. माणशी दोन-तीन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटे ही गाडीच्या अवजारांइतकीच गरजेची.

वाहते पाणी आधी पायी ओलांडून पाहायचे. जिथे चालवत नाही तिथे गाडी चालवायची नाही. गढूळ पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. आणि हवेच्या वाटेने पाणी इंजिनात शिरले तर ते दाबले जात नसल्यामुळे आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. पडून पाण्यात बंद झालेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून चालू करायची नसते. स्पार्क प्लग काढून आधी पाणी बाहेर काढावे लागते.

अवघड जागी एका वेळी एकच गाडी. वरून घसरणाऱ्या गाडीच्या रेषेत दुसरा उभा असला, तर एका चुकीचे दोन रुग्ण होतात.

पडल्यानंतरचा तास

कुणी पडले की धावत जाऊन त्याला उभे करायचे, ही आपली सहज प्रतिक्रिया. ती आवरायला हवी. आधी वरच्या वाटेवर एकाने उभे राहून मागून येणाऱ्या गाड्या थांबवायच्या. मग पडलेल्याला हलू न देता बोलते करायचे. मान किंवा पाठ दुखते का, बोटे हलतात का, मुंग्या येतात का, हे विचारायचे. श्वास अडलेला नसेल तर शिकलेल्या हातांशिवाय हेल्मेट काढायचे नाही. तोच तोच प्रश्न पुन्हा विचारणारा, ‘आपण कुठे आलोय?’ म्हणणारा माणूस हसण्यावारी नेऊ नये. त्याच्या मेंदूला धक्का बसलेला असू शकतो आणि त्याने त्या दिवशी गाडी चालवायची नाही. आणखी एक दुखापत गाफील ठेवते. हँडलचे टोक पोटात लागले तर बाहेर फक्त ओरखडा दिसतो, पण आत प्लीहेतून रक्तस्राव सुरू असू शकतो. पोटदुखी वाढणे, चक्कर, अंग गार पडून घाम येणे ही लक्षणे दिसली की दवाखाना गाठायचा, मग तो कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणो.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते. पण ती डांबरापर्यंत येते; तिथवर माणूस आणणे मित्रांचे काम. डोंगरात फोनला रेंज नसते आणि परदेशात सर्रास वापरली जाणारी उपग्रह-संपर्काची साधने भारतात सरकारी परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. म्हणून निघताना घरच्या एकाला वाट आणि परतीची वेळ लिहून देणे, वाटेत शेवटची रेंज कुठे होती ते लक्षात ठेवणे आणि जवळची वाडी कुठल्या अंगाला आहे हे माहीत असणे, ही साधी कामे इथे मोठी ठरतात. पोलिसांच्या भीतीने मदत करायला कचरणाऱ्यांसाठी एक गोष्ट : २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४-अ, अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते.

ज्यांना कुणी विचारलेच नाही

इथवर जोखीम पत्करणाऱ्यांबद्दल लिहिले. पण वाटेवर असे बरेच जण असतात ज्यांनी ती पत्करलेली नसते. वळणावर शेळ्या राखणारी मुलगी, शाळेतून परतणारी पोरे, गाभण गाय, आणि अपघात झाल्यावर झोळी करून जखमीला तीन किलोमीटर खांद्यावरून आणणारे वाडीतले चौघे, ज्यांचे त्या दिवशीचे शेतकाम बुडते. वस्तीजवळ चालण्याच्या वेगाने जाणे, गुरे दिसताच इंजिन बंद करणे, पेरलेल्या शेताच्या बांधावरून न जाणे यात शिष्टाचारापेक्षा जास्त काही आहे. आपल्या मौजेचा धोका दुसऱ्याच्या अंगावर टाकायचा नाही, एवढा तो हिशेब आहे.

जमिनीचेही तेच. सड्यावरची माती काही ठिकाणी बोटभर जाडीची असते आणि तिच्यावर पावसाळ्यात वाढणाऱ्या वनस्पती जगात मोजक्याच जागी सापडतात. कासचे पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. अशा जागेवर एका चाकाने पाडलेली रेघ पुढच्या पावसात पाण्याची वाट होते. राखीव वने आणि अभयारण्ये यांत परवानगीशिवाय शिरणे कायद्याने गुन्हा आहेच. पण कायदा जिथे गप्प आहे तिथेही आधीपासून मळलेली वाट न सोडणे हा चांगल्या गटाचा नियम असतो. वाटा बंद होतात त्या बहुधा दोन-चार जणांच्या बेफिकिरीने, आणि किंमत सगळे मोजतात.

मग हे सगळे करायचेच कशाला, असा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर त्या वाटेवरच आहे. फूटपेगवर उभे राहून, गुडघ्यांनी गाडी धरून, समोरच्या वीस मीटरांखेरीज कशाचाही विचार न करता गेलेला अर्धा तास आठवड्याभराच्या विखुरलेल्या मनाला एकत्र आणतो. आणि ज्याने चिखलात आपली गाडी उचलून दिली, त्याच्याशी जडलेले नाते चहाच्या टपरीवरच्या मैत्रीहून वेगळे असते. धोका पुरता काढून टाकला तर हेही जाईल. म्हणून तो काढायचा नसतो, जोखायचा असतो, आणि त्या वजनात आपल्याबरोबर निघालेल्या माणसाचे वजन धरायचे असते. त्याच्या घरच्यांनी त्याला एका अर्थी आपल्या हवाली केलेले असते.

चांगल्या गटांत दिवसाचा शेवट एका छोट्या रिवाजाने होतो. डांबर लागले की गाड्या मोजतात. मग चहा येईपर्यंत प्रत्येक जण आज आपण कुठे थोडक्यात वाचलो, ते सांगतो. सुरुवात सर्वांत जुन्या स्वाराने करायची. पडल्याची हकिगत सगळेच रंगवून सांगतात. न पडलेली, पण पडता पडता राहिलेली जागा सांगायला जास्त धीर लागतो. पुढच्या रविवारचे नियम त्या बोलण्यातूनच तयार होतात.